मदत हवी आहे: युरेनियम आणि सोनं सारखंच जड, मग एक कवचात आणि दुसरं गाभ्यात कसं?

नमस्कार मंडळी,

खडकाळ ग्रह कसे घडले यावर शाळकरी मुलांसमोर बोलायचं आहे. तयारी करताना एका जागी अडकले आहे.

पृथ्वी वितळली तेव्हा जड मूलद्रव्यं तळाला गेली आणि हलकी वर आली, असंच आजवर समजत होते. ते दाखवायला आलेख काढला: आडव्या अक्षावर घनता, उभ्या अक्षावर उल्कांच्या (पृथ्वी ज्या मालापासून घडली त्याचा नमुना) तुलनेत खंडांच्या वरच्या कवचात ते मूलद्रव्य किती पट आहे. ठिपके उतरत्या रेघेवर येतील असं वाटलं होतं, पण ते कुठेही पडले.

सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, युरेनियमची १९.१. कार्बनी उल्कांमध्ये सोनं दर अब्ज भागांत सुमारे १५०, कवचात जेमतेम एक-दोन. युरेनियम उल्कांमध्ये अवघं ८ आणि कवचात सुमारे २,७००! फॉस्फरस इतका हलका, तरी त्याचा बराच भाग गाभ्यात गेला म्हणतात. माझं नेमकं कुठे चुकतंय? मुलांना चुकीचं सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १

ठिपके बरोबर आहेत, आडवा अक्ष चुकलाय. १९.१ ही शुद्ध युरेनियम धातूची घनता. वितळलेल्या पृथ्वीत तसा गोळा कुठेच नव्हता. शिलारसात सुटे अणू विरघळलेले होते, आणि सुटा अणू वजनामुळे तळाला बसत नाही. बुडाले ते लोखंडाचे थेंब. थेंब खाली जाताना त्यांच्यात कोण शिरलं होतं आणि सिलिकेटात, म्हणजे वितळलेल्या खडकात, कोण राहिलं, एवढाच प्रश्न.

ते ठरतं मुख्यतः ऑक्सिजनवरून. युरेनियम ऑक्सिजनला घट्ट धरून असतं, म्हणून सिलिकेटात राहिलं. सोनं ऑक्सिजनशी जवळपास जुळतच नाही, ते लोखंडात गेलं. भट्टीत धातू आणि धातुमळी वेगळी होते तेव्हाही अशीच वाटणी होते. भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२०च्या दशकात मूलद्रव्यांचे गट पाडले ते याच ओढीवरून: लोखंडाकडे जाणारी, खडकात राहणारी, गंधकाशी जुळणारी आणि वायुरूपात राहणारी.

युरेनियम तर दोन चाळण्यांतून गेलंय. प्रावरण (कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाळ थर) थोडंसं वितळतं तेव्हा ऑलिव्हिनसारख्या खनिजांच्या स्फटिकांच्या जाळीत त्याचा मोठा आयन मावत नाही. तो द्रवात जातो आणि द्रवाबरोबर वर चढतो. तुमचे २,७०० तिथून आले.

धागाकर्ती

मनापासून आभार, 'सुटा अणू बुडत नाही' हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण आता उलटी शंका आली. सोन्याला लोखंडाची एवढी ओढ असेल, तर वर ते एक-दोन भाग तरी का उरावेत?

प्रतिसाद २

लोखंड आणि सिलिकेट यांच्यात सोनं कसं वाटलं जातं हे प्रयोगशाळेत मोजलंय, त्यावरून पाहिलं तर खरंच इतकं उरायला नको होतं. प्रावरणातल्या सोनं, प्लॅटिनम, इरिडियम यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र जवळपास उल्कांसारखंच आहे. गाभा बनताना मागे राहिलेली ही शिल्लक असती, तर प्रत्येकाची ओढ वेगळी असल्याने ते प्रमाण बिघडलं असतं. म्हणून बहुतेक संशोधक मानतात की गाभा तयार झाल्यावर उल्कासदृश माल पुन्हा पडला, पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.५ टक्के. खोल शिलारसातल्या प्रचंड दाबाने लोखंडाकडची ओढ कमी होते, हे दुसरं स्पष्टीकरण. निकेल आणि कोबाल्टसाठी ते छान जुळतं, पण प्लॅटिनमच्या सगळ्या भावंडांना (इरिडियमसारख्या त्याच गटातल्या धातूंना) एकदम जुळवणं त्याला अवघड जातं.

धागाकर्ती

आलेख नव्याने काढते. आडव्या अक्षावर काय घेऊ?

प्रतिसाद १

लोखंड आणि सिलिकेट यांच्यातलं वाटणीचं गुणोत्तर घ्या, म्हणजे लोखंडातलं प्रमाण भागिले सिलिकेटातलं प्रमाण. आणि उभ्या अक्षावर कवचाऐवजी प्रावरणातलं प्रमाण. कवच घेतलंत तर दुसऱ्या चाळणीचा परिणाम त्यात मिसळेल आणि युरेनियम पुन्हा रेघेबाहेर पडेल.