प्लास्टिक गोळा करण्याच्या स्पर्धेला पर्यावरणाचं शिक्षण म्हणायचं का?

कोरी_पाटी
काल इथे एका पालकांनी लिहिलं होतं की मुलाच्या शाळेत महिनाभर 'प्लास्टिक आणा' स्पर्धा झाली, वर्गवार वजन फळ्यावर लागलं, जिंकलेल्या वर्गाला ढाल मिळाली आणि हा उपक्रम प्रत्येक शाळेला सक्तीचा करावा. खाली सगळ्यांनी वाहवा केली. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी मुलगी तिसरीत असताना हीच स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी ती अर्धी भरलेली शाम्पूची बाटली मोरीत ओतत होती. का, तर "रिकामीच बाटली घेतात". वर्ग दुसरा आला म्हणून रडलीसुद्धा. जितका जास्त कचरा तितकं जास्त कौतुक, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. ज्या घरात मुळात प्लास्टिक कमी येतं, तिथलं मूल सगळ्यांसमोर कमी पडलं. पोती स्टेजमागे पडून राहिली. भंगारवाल्याने बाटल्या नेल्या, वेष्टनं नेली नाहीत. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते कोण सोडवत बसणार?

१९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं मांडली गेली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. वजनकाटा यातल्या कशात बसतो, ते स्पर्धेच्या समर्थकांनी सांगावं.

खडूधूळ
मी सांगतो. २६ वर्षं शिकवतोय आणि ही स्पर्धा मी स्वतः घेतली आहे. वर्गात ५८ मुलं, ३५ मिनिटांचा तास, त्यात अभ्यासक्रम, वरून उपक्रमाचे फोटो आणि अहवाल. तिबिलिसी आम्हाला कुणी विचारत नाही, "किती किलो जमलं" हे विचारतात. माझ्या वर्गातली मुलं त्या महिन्यापासून रस्त्यावर पडलेली पिशवी उचलायला लागली. हे शून्य आहे का? काहीच न करण्यापेक्षा हे बरं. ज्यांना वर्ग सांभाळावा लागत नाही त्यांनी पर्याय तरी द्यावा.

मीटर_बघा
घ्या पर्याय. शाळा सुटताना दोन मुलांनी विजेच्या मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी उघडताना पुन्हा लिहायचा. वजाबाकी केली की बंद शाळेने रात्रभर किती वीज खाल्ली ते कळतं. एका शाळेत मी हे करून घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात मुलांनी शोधून काढलं की पाणी थंड करणारं यंत्र आणि संगणकांचे पडदे रविवारीसुद्धा चालू असतात. गणिताचा तास गणिताचाच राहिला.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने १९९४ मध्ये शाळांसाठी 'फिफ्टी-फिफ्टी' योजना आणली. सवयी बदलून जेवढा खर्च वाचेल त्यातला अर्धा वाटा शाळेचा. तिथे बिल हाच धडा असतो. आपल्याकडे बिल मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि मुलांच्या हातात घोषणांच्या पाट्या.

गांडूळमित्र
वीज ठीक, पण शाळेत सगळ्यात सोपं म्हणजे कंपोस्ट. डब्यातलं उरलेलं अन्न आणि मैदानातला पालापाचोळा, दोन्ही आयतं मिळतं. प्रत्येक शाळेत खड्डा हवाच.

खडूधूळ
आमच्याकडे होता. पंधरा दिवसांत असा वास सुटला की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. अळ्या पडल्या. बुजवला.

गांडूळमित्र
बुजवलात ते चुकलंच. नुसतं ओलं टाकलं असणार. कर्ब (सुक्या पाल्यात जास्त) आणि नत्र (ओल्यात जास्त) साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतात, म्हणून ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घालायचा आणि आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. हवा मिळाली नाही की ढीग कुजतो आणि वास येतो. नीट जमलेला ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापतो. मुलांना थर्मामीटर खुपसू द्या, विज्ञानाचा असा तास पुस्तकातून होत नाही.

पायरीवर_बसलेला
"खालीवर करायचं" हे कोण करणार, तेवढं लिहायचं राहिलं.

माझी आई एका शाळेत सफाईचं काम करायची. शाळेत खड्डा झाला तेव्हा उद्घाटनाला मुलांनी भाषणं केली. फावडं आईच्या हातात आलं. माश्या, वास, पावसात भरलेलं पाणी, सगळं तिच्याकडे. वृक्षारोपणाचं तेच. रोपं मुलांनी लावली, फोटो मुलांचे निघाले, सुट्टीभर बादल्या आईने वाहिल्या. पगार तोच. दोन रोपं वाळली तेव्हा बोलणीही तिलाच बसली. मी त्याच शाळेत शिकत होतो आणि भाषणही केलं होतं. विषय होता 'आपली जबाबदारी'.

पालक_बोलतोय
आईंबद्दल आदर आहे. पण म्हणून मुलांनी कचऱ्यात हात घालायचे का? माझ्या मुलाला दमा आहे. बुरशी आलेला ढीग उपसताना काही झालं तर जबाबदार कोण? आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, सफाईला नाही.

पायरीवर_बसलेला
माझ्या आईलाही दमाच होता. तुमच्या मुलाच्या डब्यातलं उरलेलं तिने उचललेलं चालतं आणि मुलाने उचललेलं चालत नाही, हे एकदा स्पष्ट लिहा.

पालक_बोलतोय
तुम्ही विषय भलतीकडे नेताय. मी लहान मुलाच्या तब्येतीबद्दल बोलतोय आणि तुम्ही मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय.

गांडूळमित्र
दमा असलेल्या मुलाला ढिगापासून लांबच ठेवायला हवं, हे बरोबर. त्याने नोंदी ठेवाव्यात. बाकीच्यांनी हातमोजे घालून, शिक्षकांसोबत पाळीपाळीने करावं. आणि हो, फावडं कुणाच्या हातात जातं याचा मी विचार केला नव्हता. हे मान्य करायला जड जातंय, कारण मी स्वतः चार शाळांना खड्डे करून दिलेत आणि पुन्हा बघायला एकदाही गेलो नाही.

कोरी_पाटी
धागा खड्ड्यात अडकला, पण माझा मुद्दा तिथेच सापडतोय. १९९२ मध्ये रॉजर हार्ट या अभ्यासकांनी युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलंच नाही. वजनाची स्पर्धा, भाषणं आणि फोटोपुरती रोपं या तीन पायऱ्यांच्या वर जात नाहीत. शाळेने काय विकत घ्यायचं, किती वीज जाळायची, कचरा कुणी उचलायचा, या निर्णयांत मुलं कुठेच नाहीत. इको-स्कूल्स या शाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण उपक्रमाच्या कार्यपद्धतीत पहिलं पाऊल मुलांचा समावेश असलेल्या समितीचं आणि दुसरं शाळेच्याच तपासणीचं असतं. मुलांच्या घरचा कचरा मोजणं त्यात येत नाही.

खडूधूळ
समिती कागदावर आमच्याकडेही आहे. तुम्ही सगळे शाळेला झोडपताय, पण आम्ही मुलांना खरे प्रश्न विचारायला लावले की पहिली तक्रार पालकांचीच येते. एका मुलीने विचारलं होतं की ढालीच्या कार्यक्रमात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या का वाटल्या. तिला गप्प बसवलं गेलं. गप्प बसवणाऱ्यांत मीही होतो.

वजनाची स्पर्धा पुन्हा घेणार नाही, ठीक आहे. पिशवी उचलणारी मुलं खोटी होती असं मात्र मी मानणार नाही. मीटरचं उद्यापासून करून बघतो. पण मुख्याध्यापकांकडे बिल मागणं माझ्याच्याने होणार नाही, नोकरी आहे. ते पालकसभेत तुम्ही मागा.

कोरी_पाटी
मागते. माझ्या मुलीच्या शाळेत पुढच्या शनिवारी सभा आहे. गेल्या १२ महिन्यांची बिलं मागणार, आणि तिच्या वर्गातल्या दोन मुलांना सोबत बसू द्या म्हणणार.

पालक_बोलतोय
बिलाला माझीही हरकत नाही. खड्ड्याला आहे, आणि राहील.

पायरीवर_बसलेला
खड्डा करा किंवा करू नका. केलात तर सुट्टीत फावडं कुणी धरायचं, त्यांची नावं ठरावात लिहून घ्या. आणि सफाईच्या मावशींना त्या सभेला बोलवा, चहा द्यायला नाही, बोलायला.

कोरी_पाटी
ते माझ्या यादीत नव्हतं. लिहून घेतलं.