मदत हवी आहे: नवी पद्धत रुजली हे ओळखायचं कसं?

मंडळी, विकसनशील देशांतल्या सरकारी खात्यांमधल्या बदलांवर टिपण लिहितोय आणि अडलोय. संस्थांमधला बदल कसा घडवायचा यावरचं मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं १९४७ चं मॉडेल वाचायला सोपं: आधीची घडी सैल करा, बदला, पुन्हा घट्ट बसवा. पण साहेबांची बदली झाली की नवी पद्धतही गुंडाळली जाते, तिथे घट्ट बसवायचं कधी? आमच्याकडे फाइल ऑनलाइन झाली, सही मात्र कागदावरच. प्रिंट काढायची, सही घ्यायची, स्कॅन करून परत चढवायची! जागतिक बँकेच्या सुशासन निर्देशांकांचे सहा निकष चाळले. त्यातून देश कळतो, एखादं खातं नाही. मग खात्याच्या पातळीवर नेमकं काय मोजायचं? कुणी प्रत्यक्ष राबवलं असेल तर सांगा. सल्लागारांचे पीपीटी नकोत, ते ढीगभर पडलेत.