मदत हवी आहे: एक माणूस वाढला तर रांग इतकी का तुंबते?

नमस्कार मंडळी, रांगांचं गणित शिकायला घेतलंय आणि एका जागी अडकलोय.

समजा एकच खिडकी आहे. तिथे तासाला सरासरी १० जणांचं काम होऊ शकतं आणि येतात सरासरी ८. आगमन पॉइसाँ (म्हणजे लोक एकमेकांशी संबंध नसल्यासारखे, यादृच्छिकपणे येतात), सेवेचा वेळ घातांकी (म्हणजे बऱ्याच जणांचं काम पटकन होतं, पण काहींना खूप वेळ लागतो). सूत्राप्रमाणे रांगेत सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. ८ चे ९ केले की थेट ५४! खिडकी अजूनही दहा टक्के वेळ रिकामीच असते, तरी थांबणं दुपटीहून जास्त. सिद्धता पायरीपायरीने कळली, पण कारण मनात उतरत नाही.

त्यात प्रत्येकाला नेमकी ६ मिनिटं लागली तर थांबणं निम्म्यावर येतं, २४ चं १२. म्हणजे खरा दोष चढउताराचा का? रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही, हे त्याचं मूळ असावं असं मला वाटतं. बरोबर आहे का?

लिटलचा नियम (आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा सरासरी दर × प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ) मात्र लगेच पटला. कुठलंही वितरण (येण्याचे आणि सेवेचे वेळ कसे विखुरलेत ते) न धरता तो लागू पडतो, हे फारच सुंदर आहे.

डॅनिश गणितज्ञ एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोन कॉलवरून हा विषय सुरू केला. मार्कोव्ह साखळ्यांत (पुढची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवर अवलंबून असते, अशा गणिती प्रारूपांत) न शिरता, आलेख किंवा साध्या उदाहरणाने कुणी समजावेल का?