केसवर्कर ब्लॅक हवी म्हटलं की उलटा वर्णभेद कसा होतो?

रेवा_ओहायो: काल इथे कुणीतरी लिहिलं की अमेरिकेत फॉस्टर केअरमधून (म्हणजे आईबापांपासून काढून सरकारने दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवलेल्या मुलांच्या व्यवस्थेतून) बाहेर पडणाऱ्या ब्लॅक मुलींना ब्लॅक सोशल वर्कर हवी म्हणणं हा उलटा वर्णभेद आहे. डोकंच फिरलं वाचून. मी काउंटीच्या ऑफिसात अशा ब्लॅक वर्कर बायकांच्या शेजारी बसून काम करते हो. पोरगी अठराची होते, २००८ च्या कायद्यानंतर बऱ्याच राज्यांत एकवीसची, आणि कचऱ्याच्या पिशवीत कपडे कोंबून बाहेर पडते, जन्मदाखला कुठाय तेही माहीत नसतं. माझी सहकारी गाडीत रुंद दातांचा कंगवा नि शिया बटर ठेवते, कारण गोऱ्या घरात राहिलेल्या पोरीच्या केसांना कित्येक महिने कुणी नीट हातच लावलेला नसतो. आधी गुंता सोडवायचा, मग भाड्याच्या घराचा फॉर्म. तेवढ्या वेळात मुलगी जे बोलते ते ऑफिसात कध्धी बोलत नाही.

अभिजित_न्यूजर्सी: भावना ठीक, पण १९९४ चा मल्टिएथनिक प्लेसमेंट अ‍ॅक्ट आणि १९९६ ची दुरुस्ती वाचा. वंश बघायचा नाही असा कायदाच आहे.

रेवा_ओहायो: तो कायदा मूल कुणाच्या घरी द्यायचं त्याचा, केसवर्कर कोण याचा नाही! १९७२ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक सोशल वर्कर्सने ब्लॅक मुलं गोऱ्या घरी द्यायला विरोध केला, ते भांडण वेगळं. अर्धवट वाचून ठोकून देऊ नका.

सुनंदाताई: केसांचं एवढं काय? माझ्या लेकीला इथल्या शाळेत तेलाच्या वासावरून चिडवायचे, रडत घरी यायची, कुणी आलं नाही कंगवा घेऊन.

मंजिरी: अगदी ताई! माझ्या मुलाच्या डब्यालाही नाकं मुरडायचे, शेवटी पोहे द्यायचे बंद केले मी.

सुनंदाताई: आणि टीचरला सांगितलं तर म्हणे शाम्पू लावा. आमच्यासाठी कोण धागा काढणार?

रेवा_ओहायो: ताई, तुमची लेक रडत घरी आली तेव्हा घरी तुम्ही होतात. या पोरींना तेच नाही. डब्यांचा वेगळा धागा काढा, प्लीज.

सुनंदाताई: एवढं अंगावर यायचं कारण नाही.

गौतम_शिकागो: सगळे केसांतच अडकलात. रेवा, तुझी सहकारी ब्लॅक असली तरी मँडेटेड रिपोर्टर, म्हणजे मुलाची हयगय दिसली तर कळवायला कायद्याने बांधलेली, आहेच ना? मिडवेस्टच्या मोठ्या पाहणीत फॉस्टर केअरमधल्या जवळपास निम्म्या मुली एकोणिसाव्या वर्षापर्यंत एकदा तरी गरोदर राहिलेल्या होत्या. मी जिथे धान्यवाटपाला जातो तिथली एक अशीच तरुण आई घरात दूध नाही हे वर्करला सांगत नव्हती, बाळ उचलून नेतील म्हणून. वर्कर तिच्याच रंगाची, तिच्याच वस्तीतली, आवडायचीसुद्धा तिला. तरी नाहीच सांगितलं.

रेवा_ओहायो: हे खरंय, नाकारत नाही. पण दूध नसणं म्हणजे हयगय नव्हे, गरिबी आहे, हे साहेबाशी भांडून पटवून देणारी बहुतेक वेळा तीच असते. केस बंद झाल्यावरही रात्री अकराला फोन तिच्याच नंबरवर येतो, ती उचलते, त्याचा पैसा मिळत नाही. मग एक दिवस दमून नोकरी सोडते आणि पोरीचं आणखी एक माणूस जातं.

अभिजित_न्यूजर्सी: बरं, कायद्याचं तेवढं मान्य. रंगावरून वर्कर नेमणं मात्र पटणार नाही. मुलीलाच विचारा कोण हवी ते.

रेवा_ओहायो: विचारा की! पण आमच्याकडे सगळ्या ब्लॅक मुली जिच्याकडे पाठवतात ती एकटीच आहे, वर बाकीच्यांइतक्या केसेस आहेतच. आधी अजून दोघी नेमा, बंद केसचे फोन कामाच्या तासांत धरा, मग विचारू.