नौदलाचा जुना तळ शहराला फुकट मिळाला, तरी एवढी वर्षं का लागली?

गलबत_७
रविवारी पोरांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या अलामेडाला, नौदलाच्या जुन्या तळावर, हॉर्नेट हे म्युझियम केलेलं जुनं विमानवाहू जहाज बघायला गेलो होतो, बाहेर आलो तर ते अवाढव्य हँगर, फुटक्या काचा, काँक्रीटच्या भेगांतून वर आलेलं गवत, जीव हळहळला हो. तळ १९९७ ला बंद झाला म्हणे. शहर पण सरकारच ना, मग सरकारने सरकारकडूनच जमीन विकत कशाला घ्यायची, कागद करून द्यायचा आणि मोकळं व्हायचं की. कुणाला नीट माहितीये का?

नकाशेवाला
दोघांचे खिसे वेगळे आहेत भाऊ. तळ बंद झाला की आधी बाकीच्या फेडरल खात्यांना विचारतात, मग बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा विचार करावाच लागतो, त्यानंतर शहर. इथे नेव्हीने २००६ ला १०.८५ कोटी डॉलर मागितले होते, ते बिल्डर भरणार होता, म्हणजे त्याला तेवढी घरं बांधू द्यायला हवीत. २०१० ला मतदान झालं आणि लोकांनी ८५ टक्के मतांनी त्याचा प्लॅन पाडला. मग २०११ ला नेव्ही फुकट द्यायला तयार झाली, अट एवढीच की १४२५ च्या वर बाजारभावाची घरं बांधली तर दर घरामागे ५०,००० डॉलर द्यायचे.

सुमती_ताई
किंमत सोडा, खरा घोळ मातीत आहे. तिथे विमानं दुरुस्त व्हायची, ग्रीस धुवायची रसायनं, म्हणजे सॉल्व्हंट, जमिनीत मुरलेत, आणि विमानांचे डायल अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावायचे तो धुऊन ड्रेनेजमध्ये गेला!! १९९९ पासून जागा सुपरफंडच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या सगळ्यात प्रदूषित जागांच्या यादीत आहे. सफाई नेव्हीनेच करायची, म्हणून एकेक तुकडा साफ होईल तसा ताब्यात येतो, पहिला मोठा तुकडा २०१३ ला आला. पण जुने पाइप, गटारं, रस्ते सगळं शहराच्या गळ्यात, त्यात भराव टाकलेली जमीन, पाण्याला लागून. लोकांनी घाई केली नाही ते बरंच केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

नकाशेवाला
ताईंशी सहमत. आणि रनवेचा बराचसा भाग शहराकडे आलाच नाही, तो २०१४ ला माजी सैनिकांच्या खात्याला दिला. तिथे लीस्ट टर्न नावाचे दुर्मिळ, छोटे समुद्रपक्षी अंडी घालतात, उघड्या जमिनीवर, वाळूत जरासा खळगा करून.

गलबत_७
बापरे, रेडियमचं माहीतच नव्हतं. थँक्यू ताई. नेव्हीने साफ करून दिलेल्या जागेत नंतर परत काही सापडलं तर खर्च कुणाचा?

सुमती_ताई
नेव्हीच्या काळातलं असेल तर फेडरल सरकारचाच, जमीन देताना खरेदीखतात तसं लिहून द्यावंच लागतं, कायदाच आहे.