लो पोस्ट की रन अँड गन? शनिवारच्या आधी बोलूया

विजापूरवेस (धागा सुरू केला)

बझरबीटर हा इंटरनेटवरचा बास्केटबॉल मॅनेजरचा गेम खेळणारे आपण सोलापूरचे सात जण. संघ विकत घेतलेल्या आणि घडवलेल्या खेळाडूंचा, मॅनेजर आपण, लीगच्या मॅच मंगळवारी आणि शनिवारी. गेल्या काही मॅचचे डावपेच बघितले तर सातातले पाच जण रन अँड गन लावायलेत. का, विचारलं की एकच उत्तर येतं: आता जमाना थ्रीचा (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचा) आहे.

मला हे पटत नाही. मॅच सुरू झाली की आपल्या हातात काहीच राहत नाही. लाईनअप, आक्रमण, बचाव, जोर किती लावायचा, सगळं आधीच भरून ठेवायचं असतं. मग आधी आपली माणसं बघायला नकोत का? लो पोस्ट म्हणजे चेंडू आत उंच गड्यांकडे देऊन रिंगजवळून मारणं, रन अँड गन म्हणजे पळत जाऊन बाहेरून मारणं. रन अँड गनला जंप शॉट (उडी मारून शॉट) आणि जंप रेंज (लांबून मारायची ताकद) दोन्ही असलेले गार्ड, म्हणजे बाहेर खेळणारे गडी, लागतात. माझ्या दोन्ही उंच गड्यांचा इनसाइड शॉट (आतून मारायचं कौशल्य, आकडा मोठा तितकं चांगलं) १३ आणि १२, गार्डची जंप रेंज ६. घरात ज्वारीचं पीठ असताना पुरणपोळीचा घाट कशाला घालायचा? भाकरी थापावी.

परवाच्या शनिवारी मागाच्या शेडबाहेर बसून मोबाईलवर ओळ न् ओळ वाचत होतो. आत खटखट चालू. चौथ्या क्वार्टरपर्यंत मागं होतो. चेंडू सारखा आत जात होता म्हणून त्यांच्या सेंटरवर फाउल चढत गेले. सहावा लागला, तो बाहेर, आणि पुढच्या तीन चढाया माझ्या सेंटरनं रिंगखाली एकट्यानं घेतल्या. बाहेरून मारत बसलो असतो तर त्याला फाउल कोण लावणार होतं?

सातरस्ता३२

दादा, हिशोब मांडतो. थ्री ३५ टक्के पडले तर शंभर शॉटला १०५ गुण. आतले ५० टक्के पडले तर १००. म्हणजे बाहेरचा माणूस निम्म्यापेक्षा बरेच शॉट चुकवूनही पुढंच. वर उंच गड्यांचे पगार. इनसाइड शॉट, रिबाउंडिंग, इनसाइड डिफेन्स तिन्ही वाढवलं की पगार दर आठवड्याला खिसा कापतो. तेवढ्यात माझे दोन चांगले गार्ड बसतात.

आणि तुमची परवाची मॅच समोरच्यानं मॅन टू मॅन (प्रत्येकानं एकेक गडी धरायचा) लावलं म्हणून निघाली. त्यानं २-३ झोन (जागा धरून बचाव, तिघं रिंगजवळ) लावला असता तर आतली वाट बंद झाली असती.

विजापूरवेस

झोनचं बरोबर आहे, पण ३-२ (तिघं बाहेर) लावला की तुझीही वाट बंद होते. आणि हिशोब सरासरीचा आहे, मॅच एका रात्रीची असते. २०१८ ला एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, ह्यूस्टन रॉकेट्स वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलच्या सातव्या मॅचला आले, आख्खा सीझन थ्रीवर जिंकून. त्या रात्री ४४ थ्री मारले, पडले ७. मधे सलग २७ चुकले. हरले ९२-१०१ नं. त्यांच्याकडे तर एनबीएचे शूटर होते बे, तुझ्या-माझ्याकडे कोण आहे?

सातरस्ता३२

एका रात्रीवरनं आख्खा सीझन खोटा ठरत नाही. त्याच डावपेचावर ते सातव्या मॅचपर्यंत पोचले होते की.

पार्कचौक_काका

तुमचं दोघांचं ऐकलं. आत की बाहेर यावर भांडताय, वेगावर कुणीच बोलेना.

शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी पोरांना शिकवतो. उन्हाळ्यात सकाळी आठलाच पायाला चटका बसतो. आमच्यापेक्षा तगडा संघ आला की मी पोरांना एकच सांगतो, घाई नको, २४ सेकंद मिळालेत ते वापरा. नवखा पोरगा कॅरममध्ये उस्तादाला एखादा बोर्ड हरवतो. पंचवीस बोर्ड खेळला तर नाही हरवणार. बास्केटबॉलमध्ये चढाया कमी झाल्या की दुबळ्याला संधी राहते, वाढल्या की तगड्याचाच फायदा.

गेममधल्या प्रिन्स्टन या संथ डावपेचाचं नाव ज्या कॉलेजावरनं आलंय, त्यानं १९९६ ला आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए कॉलेजला ४३-४१ नं हरवलं. पीट कॅरिल कोच. चेंडू फिरवत ठेवायचा, बचाव ताणायचा, आणि बचावपटू पुढं झुकला की त्याच्या पाठीमागनं आत घुसायचं. शेवटची बास्केट तशीच झाली. त्यात थ्री पण होते आणि रिंगखालचे पण.

म्हणून सातरस्ता, तळाच्या संघाशी खेळताना तू रन अँड गन लाव, माझी हरकत नाही. पहिल्या नंबरच्या संघाशी तेच लावतोस, ते मात्र मला चुकीचं वाटतं.

सातरस्ता३२

काका, वेगाचं मान्य. पण प्रिन्स्टनला पासिंग लागतं. माझा ऑफेन्सिव्ह फ्लो (आक्रमणात पास किती जुळतात त्याचा आकडा) बघा, किती खाली आहे. आज जी माणसं आहेत त्यावरच दरवेळी डावपेच ठरवला तर संघ बदलणार कधी? मी आधी ठरवलंय की दोन सीझननी पळणारा, बाहेरून मारणारा संघ हवा. म्हणून आठवड्याचं ट्रेनिंग जंप रेंजला, दोन पोरांना गार्डला पूर्ण ४८ मिनिटं. आज हरतोय ते त्याचीच किंमत म्हणून. विजापूरवेस दादा आज जिंकतील, पण त्यांचे दोन्ही उंच गडी तिशीत आलेत.

विजापूरवेस

ही गोष्ट लागली मला. खरं आहे, ३१ आणि ३० वय आहे. पण तू पोरांना ४८ मिनिटं खेळव, त्याला माझी ना नाही. ट्रेनिंगसाठी पोरगा गार्डला उभा करायचा आणि आक्रमण मात्र लो पोस्ट ठेवायचं, हे जमतं. ट्रेनिंग डावपेचावर नाही, जागेवर आणि मिनिटांवर मिळतं. हरायची गरज नाही त्यासाठी.

अशोकचौक_नवीन

हे मला माहीतच नव्हतं ओ. मी तीन आठवडे ट्रेनिंगसाठी म्हणून बाहेरचा डावपेच लावून हरायलोय.

सातरस्ता३२

जागेचं बरोबर आहे. पण जंप रेंज वाढलेली पोरं लो पोस्टमध्ये उभी राहून काय करणार? त्यांच्यापर्यंत शॉटच येत नाहीत. वापरल्याशिवाय कळणार कसं किती तयार झालेत?

पार्कचौक_काका

सरावाच्या मॅचला वापर की. स्क्रिमेजला संघाचा उत्साह खर्ची पडत नाही. लीगला नको.

विजापूरवेस

शनिवारी माझी मॅच लीगच्या पहिल्या संघाशी आहे. त्यांच्या मागच्या चार मॅच बघितल्या, तीनदा २-३ झोन. आत गेलो तर अडकणार. काकांचं ऐकून संथ खेळायचंय, पण माझ्या पॉइंट गार्डचं पासिंग ८ आहे. प्रिन्स्टन लावू की पेशंट (दुसरा संथ डावपेच)? शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, नंतर मी भरून टाकणार.