मोत मावलीची गाडी

(घरचा ग्रुप : ‘मरोळचं घर’, शुक्रवार संध्याकाळ)

मोठ्या ताई ७:०५
एक विचारते, कोणी राग मानू नका. मंगळवारी बांद्र्याला मोत मावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) पायऱ्यांवर आपल्या घरातलं माणूस एकटं दिसलं, हे मला बाहेरच्या बाईकडून कळतं. जत्रेला आपण सगळे मिळून जातो ना? आई होती तेव्हापासून.

धाकटे भाऊजी ७:०८
रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर. चर्चच्या गेटवरून पहाटे ४:३०. १७ सीट. कोण कोण येणार ते लिहा.

जाऊबाई ७:१०
ताई, कोणाबद्दल बोलताय?

मोठ्या ताई ७:११
जिला कळायचं तिला कळलं. १५ ऑगस्टलाही मावलीच्या सणाला चर्चमध्ये कम्युनियनच्या रांगेतून निघून बाहेर गेली. परत आलीच नाही. लोक मला विचारतात, घरात काही झालंय का.

पुतण्या ७:१२
चणे आणलेत का पण जत्रेतले? 😋

मोठ्या ताई ७:१२
तू गप्प बस.

मोठ्या ताई ७:१५
दरवर्षी मावलीला वाहायचं सगळ्यांचं मेण तीच घेते. माझ्या खांद्यासाठी मेणाचा हात, भाऊच्या फ्लॅटसाठी मेणाचं घर. यंदा विचारलंसुद्धा नाही.

धाकटे भाऊजी ७:१६
ताई, फ्लॅट झाला की आता. घर नको. सीटचं सांगा.

जाऊबाई ७:१८
विचारायचं म्हणाल तर मे महिन्यात बाटली मसाला कुटला तेव्हा मलाही कोणी विचारलं नाही. मसाल्याची एक बीअरची बाटली आली, तीही गळ्यापर्यंत भरलेली नव्हती.

मोठ्या ताई ७:१९
मिरच्या उन्हात घालायला कोण आलं होतं? ज्यांनी हात लावला त्यांना भरलेली मिळाली.

जाऊबाई ७:१९
माझी ड्युटी होती. सगळ्यांना माहीत आहे.

धाकटे भाऊजी ७:२१
रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर. चर्चच्या गेटवरून पहाटे ४:३०. १७ सीट. आतापर्यंत ० नावं.

लेक (पुणे) ७:२४
आत्या, मम्मीबद्दल बोलायचं असेल तर तिला फोन करा ना. ग्रुपवर कशाला?

मोठ्या ताई ७:२५
केला होता. उचलला नाही.

मी ७:४८
ताई, मंगळवारी मीच होते. फोन मुद्दाम बंद ठेवला होता. सांगून गेले असते तर कोणी ना कोणी सोबत आलं असतं, आणि मला सोबत नको होती. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं तेच लिहिते.

मी ७:५५
१५ ऑगस्टचं आधी सांगते. मी रागावून गेले नव्हते. रांगेत उभी असताना पोटातून वाफ वर आली, मान, कान, डोकं सगळं तापलं, ब्लाउज भिजला. दोन मिनिटं अजून थांबले असते तर तिथेच पडले असते. बाहेर नळाखाली तोंड धुतलं आणि तशीच घरी आले. वर्षभर हे चाललंय. पाळी जाऊन एप्रिलमध्ये बारा महिने झाले. डॉक्टरीण म्हणाली, बारा महिने पूर्ण झाले म्हणजे आता गेली, हे सगळं त्यातलंच. रात्री तीनला डोळा उघडतो तो उघडतोच.

पुतण्या ७:५६
काकी सॉरी. चण्यांचं उगाच बोललो.

मी ८:०४
आईंना जाऊन फेब्रुवारीत वर्ष झालं. बाळ टोरंटोला, लेक पुण्यात. तीन वाजता उठून बसले की कोणाच्या औषधाची वेळ नसते, कोणाचा डबा नसतो. जपमाळ हातात घेते, पण शब्द नुसते ओठांवरून जातात. माझा विश्वास सुटला की काय, अशी भीती वाटायची. तीस वर्षं मी देवाकडे फक्त दुसऱ्यांसाठी मागितलं. बाळाच्या व्हिसासाठी माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार प्रार्थनेला गेले, तेव्हा एका बुधवारीही माझ्या स्वतःच्या तोंडचं एक वाक्य त्याच्यापुढे ठेवलं नाही.

जुलैत अशाच एका रात्री बायबल उघडलं. उत्पत्ती, १८वा अध्याय. सारा हसली ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती हसली त्याच्या आदल्याच ओळीत लिहिलंय की साराचं बायकांचं जे असतं ते बंद झालं होतं. बायबलमध्ये हे आहे! मी ५१ वर्षांची झाले, मला कोणी सांगितलं नाही. रविवारच्या वर्गात नाही, सोदालिटीच्या भक्तिमंडळात नाही, आईनेही नाही. आणि ती मोठ्याने हसलीच नव्हती. तंबूच्या आत, मनातल्या मनात हसली. तरी देवाने विचारलं, सारा का हसली? ती घाबरून नाही म्हणाली, तर तो म्हणाला, हसलीस. म्हणजे आतल्या आतलं त्याला ऐकू गेलं होतं.

ते वाचून मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. मग मंगळवारी गेले. ताई, हात घेतला नाही, घर घेतलं नाही. मेणाची बाई घेतली. अख्खी बाई. आजवर कधी घेतली नव्हती. मावलीपुढे ठेवली आणि म्हटलं, ही मी आहे.

धाकटे भाऊजी ८:०९
वहिनी 🙏

जाऊबाई ८:११
वहिनी, मलाही सुरू झालंय. मागच्या दिवाळीपासून. मला वाटलं बीपी.

मी ८:१२
उद्या ये माझ्याकडे. डॉक्टरणीकडे आपण दोघी जाऊ. मसाल्याची बाटलीही ने, माझी भरलेली आहे.

बाळ (टोरंटो) ८:२०
मम्मी, आत्ता उठून वाचलं. तू मला काहीच सांगितलं नाहीस. रोज फोनवर फक्त जेवलास का विचारतेस.

मी ८:२२
तू पण फक्त हो म्हणतोस.

बाळ (टोरंटो) ८:२३
मग यंदा माझ्यासाठी मावलीला काही नाही?

मी ८:२५
तुझं तू माग रे राजा. तुमच्या तिथलं मोठं चर्चही सेंट मायकलचंच आहे, आपल्या माहीमसारखं. एकदा जा. माझ्यासाठी पण माग.

मुलांचे डॅडी ८:३१
तीन वाजता मीही जागा असतो. झोपेचं सोंग घेतो. विचारायला धीर झाला नाही.

मुलांचे डॅडी ८:३१
आज उठशील तेव्हा हाक मार.

धाकटे भाऊजी ८:४०
रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर. चर्चच्या गेटवरून पहाटे ४:३०. १७ सीट. अजून ० नावं. ड्रायव्हरला उद्या सांगायचंय.

मोठ्या ताई ८:५२
मला सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं. तेव्हा ह्यांची नोकरी गेली होती, मुलांच्या परीक्षा होत्या. कोणाला सांगणार? आईला सांगितलं तर म्हणाली, बायकांना होतंच. मी चार वर्षं सगळ्यांवर ओरडत होते, तुम्हाला आठवत असेल.

मोठ्या ताई ८:५३
लोकांचं ऐकून मी ग्रुपवर टाकायला नको होतं.

मी ८:५५
ताई, तुमचा खांदा कसा आहे?

मोठ्या ताई ८:५६
दुखतोय. पण यंदा हात नको. ती बाई कुठल्या स्टॉलवर मिळाली ते सांग.

मी ८:५८
पायऱ्या चढताना डावीकडे. मी दाखवते, रविवारी येतेय. भाऊजी, माझी सीट खिडकीजवळची, आणि एसी लावायला सांगा.

मोठ्या ताई ८:५९
माझी तिच्या शेजारची.

धाकटे भाऊजी ९:००
२ झाली. १५ राहिली.